सातचा कॉल

मंगळवार, ३ सप्टेंबर

परत अडकला! सात वाजून जेमतेम चार-पाच मिनिटं झाली असतील, आतल्या खोलीतून लेकीचा, मुंगीचा आवाज — "बाबा! हॅलो! बाबा, तू थांबलायस!" मग शांतता.

मी स्वयंपाकघरात. हातात सुरी, समोर अर्धवट चिरलेला कोबी. आत जायची सोय नाही. कॉल चालू असताना आईने खोलीत थांबायचं नाही, मुलीला मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे, असं कोर्टाने लिहून दिलंय. मग मी दाराबाहेरून नुसती ओरडते — "अगं, बंद करून परत लाव!" तिने लावला. लागला, अडकला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्यानंतर त्याने उचललाच नाही.

बाहेरच्या खोलीत जाऊन बघितलं. दारावरच्या फळीवर राउटर बसलाय, सगळे दिवे हिरवे. इतका साळसूद की उचलून आपटावासा वाटला. त्यानेच बसवलेला आहे हा. शिडीवर चढून, दोरी धरून, वायर अगदी सरळ रेषेत ठोकली होती. लिफ्ट बसवणाऱ्या माणसाला तिरकी वायर सहन होत नाही. माणूस घर सोडून गेला त्याला दोन वर्षं होऊन गेली. वायर अजून सरळच आहे!

दहा मिनिटांच्या आत तुटला म्हणजे कॉल बुडाला. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सात. आणि बुडाला की भरपाई म्हणून येता रविवार त्याचा. गेल्या महिन्यात सगळ्या गल्लीचं नेट दिवसभर गेलं होतं, तेव्हा पहिला बुडाला. ते समजू शकते. पण तेव्हापासून हा सहावा-सातवा असेल.

बुधवार, ४ सप्टेंबर

दुकानात होते. एका आजोबांना चष्म्याचा नंबर काढायला बसवलेलं, "हे स्पष्ट की ते?" असं विचारत होते, तेवढ्यात वकीलबाईंचा फोन. त्या कधी उगाच करत नाहीत.

त्याने अर्ज केलाय. मुंगी त्याच्याकडे राहावी म्हणून!

त्याची बदली झाली आहे. लांबच्या शहरात, पुढच्या एक तारखेपासून. अर्जात म्हणे लिहिलंय, "आई मुद्दाम कॉल तोडते. एका शहरात असताना ही गत, तर मी लांब गेल्यावर मुलगी मला विसरूनच जाईल. म्हणून तिला माझ्यासोबत राहू द्यावं." सुनावणी पंचवीसला.

"तुम्ही तोडत नाही ना?" वकीलबाई.

"नाही हो!"

"मग का तुटतो, ते शोधा. 'माहीत नाही' हे उत्तर कोर्टात फार वाईट दिसतं."

आजोबांना चुकीचा नंबर लिहून देणार होते. सहकारीण बघत होती म्हणून वाचले. घरी येऊन मुंगीची वेणी घालायला बसले तर ती म्हणाली, "आई, ओढतेयस." आठ वर्षांची आहे. तिला नेतील. खरंच नेतील का?

शुक्रवार, ६ सप्टेंबर

दुकानातून अर्धी रजा. नेटवाला आला एकदाचा. गडी बोलका. दारातून आत येतायेताच त्याने निकाल दिला, "आमची लाइन ओके आहे ताई." अजून पाहिलंही नव्हतं!

मग शिडीवर चढला, उतरला, फोनवर काहीबाही तपासलं. मुंगीची शाळा सकाळची, ती शेजारीच उभी. ती विचारत गेली आणि त्याला ऐकणारं कोणीतरी मिळालं.

"बघ बाळ, बाहेरून वायर येते एकच. पण घरात मागणारे किती? आईचा मोबाइल, तुझा टॅब, टीव्ही. तर हा राउटर काय करतो, घरातल्या प्रत्येकाला एकेक नंबर देतो. कोणी काय मागितलं ते लक्षात ठेवतो, आणि बाहेरून उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो. टीव्हीचं टीव्हीला, तुझं तुला. बाहेरच्या जगाला हे काही दिसत नाही. त्यांच्यासाठी हे आख्खं घर म्हणजे एकच नंबर."

"म्हणजे बाबाला मी आणि आई एकच दिसतो?"

तो हसला. मी नाही हसले.

पुढे त्याने लहरींचं सांगितलं. राउटर दोन प्रकारच्या सोडतो. एक लांबवर जाते पण संथ, दुसरी वेगवान पण नाजूक. भिंत आली की तिचा दम जातो, लोखंड आलं की संपलीच. पाणीसुद्धा आवडत नाही म्हणे. "मासे पाळलेत का घरात?" नाही पाळले. आता मुंगीला मासे हवेत!

"कुठे बसून बोलतेस तू?" त्याने तिला विचारलं.

"पलंगावर." चटकन म्हणाली.

पलंगावर टॅब धरून बघितला. चारही रेघा भरलेल्या. "मग काय प्रॉब्लेमच नाही," असं म्हणून त्याने माझी सही घेतली आणि गेला. मला जरा धीर आला.

संध्याकाळी सात. कॉल लागला. मी ओट्याला धरून उभी. सहाव्या मिनिटाला — "बाबा? बाबा, तुझं तोंड उघडंच राहिलंय!"

रविवार, ८ सप्टेंबर

दहाला आला. बेल एकदाच वाजवतो, नेहमीप्रमाणे. मी दार उघडलं, बाजूला झाले. दोघं एकमेकांकडे न बघण्यात आता पटाईत झालोय. मुंगी तासभर आधीपासून बूट घालून बसली होती! धावत सुटली ती थेट त्याच्या पोटावर आदळली.

संध्याकाळी सहाला आणून सोडली. कपडे मातीने भरलेले, गुडघा खरचटलेला, आणि चेहरा असा फुललेला की मला हेवा वाटला. वाटला तर वाटला, इथे कोणाला कळतंय.

तोंड धुताना म्हणाली, "आई, कॉल बुडाला की बाबा येतो, असंच आहे ना?"

"हो गं बाई, तसंच ठरलंय. कान धू."

"आणि नाही बुडाला तर?"

"तर महिन्यातून एकदा. साबण कुठे टाकलास?"

माझं डोकं पंचवीस तारखेत अडकलेलं.

मंगळवार, १० सप्टेंबर

बुडाला.

बुधवार, ११ सप्टेंबर

त्याचा मेसेज. कित्येक महिन्यांत पहिला. "तुमच्याकडचं नेट कॉलच्या वेळी चालू असतं हे मला माहीत आहे. निदान तिला तरी खोटं सांगू नकोस."

माहीत आहे? याला कसं माहीत? हा राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला, भाड्याच्या खोलीत. माझ्या घरातलं नेट चालू की बंद, याला स्वप्न पडतं का? दिवसभर हेच डोक्यात. दुपारचा डबा तसाच परत आणला.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

आजही बुडाला. दादाला फोन केला. उद्या येतो म्हणालाय.

शनिवार, १४ सप्टेंबर

दादाला सगळ्यातलं सगळं कळतं. निदान त्याचं तसं म्हणणं असतं. माझा सख्खा भाऊ, पण मिक्सर दुरुस्त करायला बसला की मी नवा आणायची तयारी ठेवते. आज मात्र त्याने घबाड शोधून काढलं.

राउटरच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर आकडे आणि पासवर्ड. तो घालून लॅपटॉपवर राउटरचं आतलं पान उघडलं. मला वाटायचं राउटर म्हणजे नुसतं दिव्यांचं डबडं. आत केवढा संसार! कोणाला किती वाजेपर्यंत नेट द्यायचं, कोणाला द्यायचंच नाही, सगळं तिथून ठरतं. दादा एकेक पान उघडत गेला आणि एका जागी थांबला.

"हे बघ." आवाज बदललेला.

बाहेरून ताबा घ्यायची सोय. म्हणजे घराबाहेर कुठेही बसून, आपल्या फोनवरून हा राउटर चालू-बंद करता येतो, कोणाचंही नेट तोडता येतं. ती सोय चालू होती. आणि ज्याच्या नावावर होती, ते नाव त्याचं!

खाली नोंद होती. बाहेरून प्रवेश, तीन सप्टेंबर, सात वाजून बारा मिनिटं.

खुर्चीत बसले. दाराचं कुलूप बदललं होतं मी. बँकेतलं त्याचं नाव काढलं. गॅसच्या कार्डावरचं काढलं. पलंगसुद्धा दुसऱ्या भिंतीला लावला. आणि ही खिडकी सताड उघडी! दोन वर्षं हा माणूस माझ्या घरात येऊन-जाऊन होता आणि मला पत्ता नाही.

"तोच तोडतोय!" दादा टेबलावर हात आपटून म्हणाला. "तोच तोडतो, आणि बोंब मारतो की तू तोडलास. आणि वर मुलगी मागतोय!"

नोंदीचा फोटो काढला, वकीलबाईंना पाठवला. मग दादाने ती सोय बंद केली, नवा पासवर्ड घातला. जाताना त्याचा जुना लॅपटॉप वायरने राउटरला जोडून ठेवून गेला. त्याच्यावर एक काळी चौकट सारखी बाहेर हाक मारते आणि उत्तर आलं की एक ओळ उमटते. नेट गेलं तर ओळ चुकणार. "पुरावा," म्हणाला. त्याच्यात तेवढ्यापुरता पोलीस संचारला होता.

वकीलबाईंचं उत्तर आलं. "उत्तम. हे ठेवलं की त्यांचा अर्ज उभाच राहणार नाही."

रविवार, १५ सप्टेंबर

आला. दार उघडलं. आज मी त्याच्याकडे थेट बघितलं, त्याची नजर खाली जाईल म्हणून. नाही गेली. कमालीचा निगरगट्ट! उलट तोच माझ्याकडे असा बघत होता, जणू गुन्हेगार मी.

बोलायचं नाही असं वकीलबाईंनी बजावलंय. नाही बोलले. दार लावल्यावर भांडी घासली, नुसती आदळत. एक कप फुटला.

मंगळवार, १७ सप्टेंबर

लागला! चांगला बावीस मिनिटं!

मुंगीला दुपारपासून थोडा ताप. म्हणून तिला बाहेरच्या सोफ्यावर पांघरूण घालून झोपवलेली. सातला तिथेच टॅब दिला आणि मी नियमाप्रमाणे स्वयंपाकघरात. मधली भिंत कसली नि काय, सगळं ऐकू येत होतं. त्याने तिला औषधाचं विचारलं. मग लिफ्टमध्ये अडकलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. ती हसली, खोकली, परत हसली. एकदाही अडकलं नाही.

म्हणजे तोच होता. ताबा काढून घेतला आणि कॉल चालला. आता आणखी काय पाहिजे?

वकीलबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "तुमचं निवेदन तयार करते, शुक्रवारी दुपारी सही करून जा." किती दिवसांनी पोटभर जेवले.

मुंगी मात्र कॉल संपल्यावर भिंतीकडे तोंड करून पडली. तापामुळे असेल.

शुक्रवार, २० सप्टेंबर

दुपारी सही केली. "मुलीच्या वडिलांनी बाहेरून राउटरचा ताबा घेऊन वेळोवेळी कॉल खंडित केले." खाली माझं नाव. सोमवारी कोर्टात दाखल करणार.

संध्याकाळी सात. मुंगी बरी झालीय. टॅब घेऊन आत गेली, दार लोटलं.

आठव्या मिनिटाला तुटला.

धावत लॅपटॉपकडे गेले. काळ्या चौकटीत ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ. एकही चुकलेली नाही. नेट गेलंच नव्हतं. राउटरचं पान उघडलं, दादाने शिकवलं होतं तसं. बाहेरून कोणी आलेलं नाही. सोय बंदच आहे. पासवर्ड माझ्याशिवाय कोणाकडे नाही.

म्हणजे राउटर चालू. लाइन चालू. तो आत नाही. नेट गेलं ते फक्त टॅबचं.

दुपारची सही डोळ्यांपुढून हलेना.

शनिवार, २१ सप्टेंबर

आज लिहिताना अक्षर धड येत नाहीये.

दुपारी मुंगी चित्रकलेच्या क्लासला गेली. मी टॅब घेतला आणि घरभर फिरले. सोफ्यावर चार रेघा. पलंगावर चार. खिडकीत तीन. मग खोलीच्या टोकाला लोखंडी कपाट आहे, ते आणि भिंत यांच्यात हातभर फट आहे. तिथे इस्त्रीचं टेबल घडी करून ठेवते मी. आज बघितलं तर टेबल पुढे ओढलेलं आणि मागे जमिनीवर सोफ्याची उशी. ही उशी मी आठवडाभर शोधत होते!

अंग चोरून आत शिरले, उशीवर बसले, गुडघे हनुवटीला टेकले. टॅबकडे बघितलं. दोन रेघा. एक. मग एकही नाही.

आणि कपाटाच्या बाजूवर, माझ्या खांद्याच्या उंचीला, म्हणजे तिच्या डोक्याच्या उंचीला, एक चंदेरी चांदणी चिकटवलेली. अक्षर चांगलं आलं की शाळेतल्या बाई देतात ती. बरोब्बर कुठे टेकून बसायचं, त्याची खूण.

"लोखंड आलं की संपलीच." नेटवाला बोलला तेव्हा मुंगी शेजारीच उभी होती. पण ते तिला त्याआधीपासूनच माहीत होतं. कधीतरी कॉलच्या वेळी लपंडाव खेळत तिथे शिरली असेल, अडकलं असेल, आणि रविवारी बाबा आला असेल. तिने हिशोब जुळवला. मीच नव्हता का कान धुताना पक्का करून दिला!

दिवसभर लोकांना विचारते, हे स्पष्ट की ते. घरात मात्र माझ्या डोळ्यांवर पट्टी.

संध्याकाळी ती आली. मी ओरडणार होते. खरंच ओरडणार होते, अर्ज, कोर्ट, सगळं. ती बूट काढत होती, एका पायावर उड्या मारत. मी नुसतं विचारलं, "मुंगी, कपाटामागे काय करतेस गं कॉलच्या वेळी?"

उडी थांबली. कान लाल.

"तिथे बसलं की बाबा अडकतो," ती म्हणाली. "अडकला की रविवारी खरा येतो."

"मला सांगायचं नाहीस?"

"तू कॉल नीट केला असतास ना मग."

जवळ घेतली. तिच्या हातांना पेन्सिलीचा वास येत होता. मला रडू आलं ते तिला दिसू दिलं नाही, पण तिला कळलं असणार.

आता ती झोपलीय आणि मी इथे बसलेय. खरं तेच लिहिते. वकीलबाईंकडे माझी सही आहे. नोंदीचा फोटो आहे. तीन सप्टेंबर, सात वाजून बारा. हे ठेवलं की त्याचा अर्ज संपला आणि मुंगी माझी. आणि खरं सांगितलं तर? "मुलीला बाप इतका हवा आहे की ती त्यासाठी कॉल तोडते." यापेक्षा चांगला मुद्दा त्याच्या वकिलाला कुठून मिळणार! मुलगी मी माझ्या हाताने त्याच्या ओटीत घालायची.

चांदणी काढून टाकली तर कोणाला कळणार आहे? उठून गेलेसुद्धा. नखाने एक टोक उचकटलं, फाटलं. मग तशीच सोडून आले.

रविवार, २२ सप्टेंबर

दहाला बेल. मुंगी बूट घालून तयार. दार उघडून मी म्हटलं, "आत ये जरा."

तो दचकला. दोन वर्षांत उंबऱ्याच्या आत पाऊल नव्हतं. "काय झालं?"

"ये तर."

आतल्या खोलीत नेलं. मुंगी माझा कुर्ता धरून मागे. इस्त्रीचं टेबल बाजूला केलं आणि चांदणी दाखवली. त्याने बघितली आणि पलंगाच्या कडेवर बसलाच.

"ही चांदणी," तो म्हणाला. "ही मला स्क्रीनवर दिसायची. हिच्या डोक्यामागे. ती दिसली की मला कळायचं, आता तुटणार." थांबला. "मला वाटलं, तू तिला मुद्दाम तिथे बसवतेस."

"मी?"

"मग कोण? आठ वर्षांची पोर?"

आठ वर्षांची पोर माझ्यामागे अजून बारीक झाली.

मी राउटरचं विचारलं. दादाने काढलेला फोटो दाखवला. त्याने नाकारलं नाही. पूर्वी तो दौऱ्यावर असायचा, मी फोन करायचे की नेट गेलंय, तेव्हा तिकडूनच बंद-चालू करायचा — त्यासाठी करून ठेवलेली सोय. विसरलाही होता. तीन तारखेला कॉल तुटल्यावर आठवलं. "एकदाच बघितलं. तुझं नेट खरंच गेलंय की काय ते. नेट चालू. टॅब फक्त गायब. मग माझी खात्रीच झाली. दुसऱ्या दिवशी अर्ज." मान खाली. "न विचारता बघायला नको होतं."

"नकोच होतं." मी म्हटलं. मग माझ्या सहीचं सांगितलं. काय लिहिलंय ते शब्दन् शब्द. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"उद्या दाखल होणार?"

"होणार होतं."

एकाच डबड्याकडे तो तिकडून बघत होता, मी इकडून. दोघांना दिसलं एकच — समोरचा लबाड आहे.

मग तो मुंगीला म्हणाला, "इकडे ये गं लबाडे." ती हलेना. मी पाठीवर हात ठेवून पुढे ढकलली. तो तिच्याशी काय बोलला ते मी ऐकलं नाही, स्वयंपाकघरात निघून आले. नियमच आहे तसा.

जाताना दारात तो म्हणाला, "टोक फाटलंय चांदणीचं."

"मी काढत होते. काल."

दोघं गेले. पंचवीसला तो काय करेल, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

सोमवार, २३ सप्टेंबर

वकीलबाईंना निवेदन मागे घ्यायला सांगितलं. कारणही सांगितलं. फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही, मला वाटलं इथेही अडकलं!

"तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय सोडताय?"

"कळतंय."

मुंगीचे शाळेचे मोजे धुऊन दोरीवर टाकले. आणखी किती वेळा टाकेन?

बुधवार, २५ सप्टेंबर

कोर्टाच्या बाकावर तासन्‌तास. त्याचा वकील माझ्याकडे बघून हसला तेव्हा वाटलं, संपलं. तो स्वतः खिडकीपाशी उभा, हातात कागद, सारखा घडी घालतोय, उलगडतोय.

पुकारा झाला. आत त्याच्या वकिलाने तोंड उघडायच्या आधी तोच म्हणाला, "मला अर्ज मागे घ्यायचाय." वकील त्याच्याकडे बघतच राहिला. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून बघत कारण विचारलं.

"कॉल आई तोडत नव्हती. माझा गैरसमज झाला होता." मुंगीचं नाव काढलं नाही. एका शब्दाने नाही!

कॉल आहेत तसे, मंगळवार-शुक्रवार. शाळेच्या सुट्ट्या अर्ध्या त्याच्याकडे. रविवार मात्र गेले, इतक्या लांबून दर वेळी कसा येणार. सोमवारी रात्रीची गाडी आहे त्याची.

पायऱ्या उतरताना मी म्हटलं, "ती तुला फार..." पुढचं बोलता आलं नाही. तो म्हणाला, "माहितीय." आणि भरभर उतरून गेला.

मुंगी माझ्याकडेच राहणार. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. आनंदानेच. पण नुसत्या आनंदाने नाही.

सोमवार, ३० सप्टेंबर

मुंगीला घेऊन गाडीपाशी गेले होते. ती एकदाही रडली नाही. परत येताना विचारलं, "तिकडून अडकला तर रविवारी येईल?"

खोटं सांगता आलं असतं. "नाही गं," म्हटलं.

मंगळवार, १ ऑक्टोबर

सातला मुंगी टॅब घेऊन आत गेली नाही. स्टूल ओढून बाहेरच्या खोलीत दारापाशी, राउटरच्या बरोबर खाली भिंतीला टेकून बसली. भिंतीवर तिच्या डोक्याच्या उंचीला चंदेरी चांदणी. एक टोक फाटलेलं.

"इथे बाबा अडकत नाही," ती म्हणाली. "आई, तू आत जा आता."